टाकीचं कुलूप

पोळ्यानंतरचा सोमवार. वेळ सकाळी साडेसात.

हजर: सासरे, अंगणातल्या खुर्चीवर. धाकटे दीर, ओट्यावर, तोंडात ब्रश. ड्रायव्हर चाचा, पायरीखाली उभे, टोपी हातात. मी, वही घेऊन. गैरहजर: माझे यजमान. ते वाळूजला कंपनीत पहिल्या पाळीला गेले होते. घरात काही महत्त्वाचं ठरायचं असलं की त्यांची पहिली पाळी यायचीच, हे मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नोंदवून ठेवलं होतं.

विषय: गाडीचा अ‍ॅव्हरेज.

गाडी म्हणजे आमचा ट्रक. माझ्या लग्नाच्या आधीपासून दारात असलेला, आणि घरात माझ्यापेक्षा जास्त मान असलेला. हर्सूलच्या पुढे आमचं घर, फुलंब्रीकडे शेती. गाडी आठवड्यातून चार वेळा वैजापूरच्या मार्केटला जायची, कधी मका घेऊन, कधी कांदा आणायला. जाऊन येऊन एकशे अठ्ठावन्न किलोमीटर. ती चालवायचे चाचा, बावीस वर्षांपासून. डिझेलचा काटा त्यांच्या आठवणीत कायम अर्ध्यावरच होता, टाकी भरलेली असो की कोरडी. म्हणून ते टाकीत बांबूची पट्टी घालून डिझेल मोजायचे. पट्टीवरच्या खुणा त्यांनी स्वतः केल्या होत्या, दहा लिटरचा डबा एकेकदा ओतून, चाकूनं. पट्टी सीटमागे असायची, कापडात गुंडाळून. आमच्या घरात तलवार नव्हती, ती जागा या पट्टीनं भरून काढली होती.

तर गाडी साडेचारचा अ‍ॅव्हरेज द्यायची. लिटरला साडेचार किलोमीटर. आषाढापासून तो पडला. साडेतीन. हे सांगणारी मीच होते, कारण आषाढापासून वही माझ्याकडे आली होती. आधी ती सासऱ्यांकडे होती. सासऱ्यांची शाळा निजामाच्या काळातली, चौथीपर्यंत उर्दूत. ते तिला रोजनामा म्हणायचे आणि त्यात आठवड्यातून एकदा काहीतरी लिहायचे. मी ती ताब्यात घेतली, रकाने पाडले, आणि पहिल्याच महिन्यात घराला ही आनंदाची बातमी दिली.

"लई झालं," सासरे म्हणाले. "एक किलोमीटर कुठं जातंय?"

दिरांनी ब्रश बाहेर काढला. "गाडी पीत नाय, अण्णा. कोणतरी दुसरंच पितंय." आणि ते चाचांकडे न बघता नळाकडे गेले. दिरांना नवा पिकअप घ्यायचा होता, हे घरातल्या म्हशीलाही माहीत होतं.

चाचा शांतपणे माझ्याकडे वळले. "बहू, तेल तो उत्ताच डाल रहे अपन, जित्ता पहले डालते थे."

मी वहीवर बोट ठेवलं. "चाचा, इथं लिहिलंय."

"हौ," चाचा म्हणाले. "लिखे तो लिखे."

सासऱ्यांनी निकाल दिला. दिवाळीपर्यंत गाडीनं पुन्हा साडेचार दिले तर ठीक. नाही तर गाडी विकायची, पिकअप आणायचा, आणि चाचांना नारळ द्यायचा. पिकअप दीर स्वतः चालवणार होते. सासऱ्यांनी चोरी हा शब्द काढला नाही. तो त्यांनी पानाबरोबर तोंडात धरून ठेवला.

म्हणजे प्रश्न एका किलोमीटरचा नव्हता. बावीस वर्षं चालवलेली गाडी सोडून चाचा घरी जाणार, आणि जाताना गाव काय म्हणणार, याचा होता. तो सोडवायला घरानं माझी नेमणूक केली. कारण माझ्याकडे वही होती.

मी त्याच दिवशी यादी केली. उपाय क्रमांक एक ते अकरा.

टायरमधली हवा पहिली. हवा कमी असली की गाडी ओढून चालते, हे मला यजमानांच्या स्कूटरवरून माहीत होतं. चाचा हवा कशी तपासायचे? टायरला लाथ मारून. आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे, वैद्यानं नाडी बघावी तशी. मी त्यांना दर सोमवारी मीटरनं हवा बघायला लावली. सहा टायरांपैकी दोन खरोखर कमी निघाले. मी ते वहीत लाल शाईनं लिहिलं. चाचा म्हणाले, "ये दोनों कू मैं लात मारा तो बोले थे, बहू. मैंच नई सुना." हा टोमणा होता की कबुली, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

मग वजन. रिकाम्या गाडीत काय काय फिरतंय ते मी स्वतः वर चढून पाहिलं. निघालं ते असं: तुटकी साखळी, दोन फाटक्या ताडपत्र्या, एक चांगली ताडपत्री, चाकाखाली लावायचे पाच दगड, स्टोव्ह, पातेलं, सासऱ्यांची हरवलेली कुदळ, आणि एक पाटा. वरवंटा नव्हता. पाटा का, असं विचारल्यावर चाचा म्हणाले की तो एका बाईला फर्दापूरला पोचवायचा होता, पण गाडीला तिकडचं भाडंच मिळालं नाही. किती वर्षं? त्यांनी आकाशाकडे बघितलं. मी पाटा उतरवला. दगड पाचाचा एक केला.

एअर फिल्टर काढून कडुनिंबाच्या बुंध्यावर आपटला. निघालेल्या मातीत तुळस लावता आली असती. मोंढ्याजवळच्या मिस्त्रीकडे नेऊन नोझल तपासले. मिस्त्रीनं इंजिनाला कान लावला आणि सांगितलं की इंजिन ठणठणीत आहे, बाई, तुम्ही घरी जा. हा उपाय मी यादीत 'अपूर्ण' म्हणून ठेवला, कारण त्याचं उत्तर मला सोयीचं नव्हतं.

क्लचवर पाय ठेवून चालवायची चाचांची सवय होती. तिच्यासाठी मी एक दिवस वैजापूरपर्यंत शेजारी बसून गेले. जाताना पूर्ण वेळ मी त्यांच्या पायाकडे बघत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. रस्त्याकडे कोण बघत होतं ते देवाला माहीत. उतारावर ते गाडी न्यूट्रल करायचे. मी म्हटलं, चाचा, न्यूट्रल बंद, ब्रेक तापतात.

"बहू, न्यूट्रल में तेल बचता."

"माणसं पण वाचायला पाहिजेत ना."

"बावीस बरस में एक बकरी बी नई मारा मैं," ते म्हणाले. पण त्यानंतर न्यूट्रल केलं नाही. माझ्या उपायांतला हा एकच असा होता की ज्याचा कुणी पुरावा मागितला नाही आणि जो त्यांनी तरीही पाळला.

आणि मोजणी. तिच्यावर माझा सर्वांत जास्त जीव, आणि ती आषाढापासूनच चालू होती. तेव्हाच मी हिशेबाच्या वहीखेरीज दोन कच्च्या वह्या केल्या होत्या. निळी वही 'गाडी निघताना', लाल वही 'गाडी आल्यावर'. सकाळी गाडी निघण्याआधी, अंगणात उभी असतानाच, मी स्वतः पट्टी घालून आकडा घ्यायचे, निळ्या वहीत. वाटेत पंपावर जेवढं डिझेल घेतलं त्याची चिठ्ठी चाचा आणून द्यायचे. संध्याकाळी गाडी परत आली की फाटकाच्या आत येण्याआधी, बाहेर रस्त्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजणी, आणि आकडा लाल वहीत. रस्त्यावर का? आत आल्यावर कोण काय करतं त्याची भानगडच नको म्हणून. हा नियम माझा आणि मला त्याचा फार अभिमान होता.

रविवारी दोन्ही वह्या समोर ठेवून हिशेब. सकाळचा आकडा, अधिक पंपावरचं डिझेल, वजा संध्याकाळचा आकडा. जे उरलं ते गाडीनं खाल्लं. एकशे अठ्ठावन्न किलोमीटरला पस्तीस लिटर जायला हवं होतं. जात होतं पंचेचाळीस. दर फेरीला दहा लिटर जास्त. ना नऊ, ना अकरा.

संध्याकाळच्या मोजणीच्या वेळी गाडीचं इंजिन चालूच ठेवावं लागायचं, हेही सांगून टाकते. कारण आषाढात गाडीचा सेल्फ गेला होता. बटण दाबलं की नुसतं टक्क व्हायचं. सासऱ्यांचं म्हणणं, ढकलून चालू होतेय ना, मग सेल्फ कशाला. त्याआधी गाडी रात्री रस्त्यावर कडुनिंबाखाली उभी राहायची. सेल्फ गेल्यापासून चाचा ती उलटी घेऊन अंगणात चढवायचे, तोंड फाटकाकडे. आमचं अंगण गोठ्याकडून फाटकाकडे चांगलंच उतरतं. सकाळी चाकाखालचा दगड काढला की गाडी आपोआप उताराला लागायची, चाचा गिअर टाकून क्लच सोडायचे आणि इंजिन खोकत उठायचं. तर डिझेल वाचतंय का ते मोजण्यासाठी आम्ही रोज संध्याकाळी पाच मिनिटं डिझेल जाळत होतो. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण त्यासाठी यादीत रकाना नव्हता.

दोन-तीन आठवडे उपाय चालले. साडेतीनचा अ‍ॅव्हरेज तीन पॉइंट सहा झाला. मी पेढे वाटायच्या बेतात होते. दीर म्हणाले, "वहिनी, टायरात हवा भरून काय व्हणार? टाकीला कुलूप लावा."

मी लावलं.

एवढं लिहून मी थांबायला पाहिजे, पण यादी पूर्ण करायची सवय आहे. शहरातून पितळी कुलूप आणलं, मिस्त्रीकडून टाकीच्या झाकणाला कडी बसवली, चावी माझ्या जुडग्यात, कपाटाच्या चावीशेजारी. पंपावर जाताना दीर चावी घेऊन बरोबर जाणार, डिझेल भरून झालं की पायी परत येणार. चाचांना मी हे फाटकाशी उभी राहून सांगितलं. क्रमवार सांगितलं, एक, दोन, तीन. त्यांनी सगळं ऐकलं. मग सीटमागून पट्टी काढली, कापड सोडलं आणि माझ्या हातात दिली.

"ये बी तुमीच रखो, बहू. कुलूप तुमारा तो पट्टी बी तुमारी."

त्या दिवसापासून ते संध्याकाळी मोजणीच्या वेळी गाडीतून उतरायचे नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचे. मी मोजायचे, लिहायचे, फाटक उघडायचे. त्याआधी ते मला रोज रस्त्यावरचं काहीतरी सांगायचे: कांदा कुठं आडवा पडला, कुठल्या ढाब्याचा चहा बिघडला. ते बंद झालं. वहीत त्याची नोंद नाही.

आणि अ‍ॅव्हरेज? तीन पॉइंट सहा. कुलूप लावूनही. कुलपाआधी जेवढं डिझेल जात होतं, तेवढंच. कुठल्याही शहाण्या बाईनं इथं कबूल केलं असतं की माणूस निर्दोष आहे. दिरांनी वेगळा निष्कर्ष काढला. "दुसरी चावी असंल त्याच्याकडं." मी त्यांना म्हटलं नाही की, भाऊजी, असं कसं. मी यादीत लिहिलं: कुलूप बदलणे.

दिवाळीला आठ दिवस राहिले. सासऱ्यांपुढे ठेवायला मी दोन्ही वह्या एका मोठ्या वहीत फेअर करायला घेतल्या. फेअर करणं हा माझा सण. एका ओळीत एक दिवस, सकाळ, संध्याकाळ, शेजारी दुसरी सकाळ. आषाढापासून पहिल्यांदाच एका संध्याकाळचा आकडा आणि त्याच्या पुढच्या सकाळचा आकडा शेजारी शेजारी आले. आतापर्यंत ते दोन वेगळ्या रंगांच्या वह्यांत राहत होते, एकमेकांची ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे.

संध्याकाळी साठ. सकाळी सत्तर.

मी चुकले असेन म्हणून खालची ओळ पाहिली. संध्याकाळी पन्नास, सकाळी साठ. त्याखालची. त्याखालची. सगळी पानं. आमच्या टाकीतलं डिझेल रोज रात्री दहा लिटर वाढत होतं. सगळं घर नेणारा चोर शोधत होतं, आणि इथं कुणीतरी रोज येऊन ओतून जात होतं, तेही कुलूप न उघडता.

मी पट्टी घेऊन अंगणात गेले. गाडी उतारावर, तोंड फाटकाकडे. कुलूप काढलं, पट्टी घातली. सत्तर. मग चाचांना बोलावलं आणि गाडी रस्त्यावर घ्यायला सांगितली. दगड काढला, गाडी घरंगळली, सपाट रस्त्यावर उभी राहिली. इंजिनही सुरू केलं नव्हतं. पट्टी घातली. साठ.

टाकीचं तोंड पुढच्या टोकाला आहे. गाडी पुढे झुकली की डिझेल पुढे येतं आणि पट्टी जास्त भिजते. सपाटीवर खरं दिसतं. सकाळी मी झुकलेल्या गाडीत मोजत होते, संध्याकाळी सरळ उभ्या असलेल्या. आषाढात सेल्फ गेला, गाडी अंगणात आली, आणि त्याच महिन्यात वही माझ्याकडे आली. अ‍ॅव्हरेज पडला नव्हता. माझा नियम उतारावर उभा होता.

चाचा खिडकीतून वाकून बघत होते. मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, अंगणाच्या उताराकडे पाहिलं, आणि किती दिवसांनी माझ्याकडे पाहिलं.

"गाडी झुकी तो तेल बी झुकेगाच ना, बहू."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मेरे कू क्या मालूम तुम कां का आकडा कां लगा रहे. मैं समझा सुबू-शाम एकीच जगा का लेते. पढे-लिखे लोगां." आणि ते हसले. मोठ्यानं हसले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "चाचा, मी सगळ्यांना सांगते."

"हौ, बोल देना," ते म्हणाले.

धनत्रयोदशी. सकाळी आठ. हजर: सासरे, दीर, चाचा पायरीखाली, मी. यजमान या वेळी दुसऱ्या पाळीला होते, म्हणजे हजर असू शकले असते, पण ते बाजारात फुलं आणायला गेले.

मी नवे आकडे वाचले. सपाट रस्त्यावर सकाळी आणि सपाट रस्त्यावर संध्याकाळी घेतलेले, शेवटच्या आठवड्याचे. अ‍ॅव्हरेज चार पॉइंट सहा. म्हणजे माझ्या अकरा उपायांनी मिळवलेला एकूण फायदा लिटरमागे शंभर मीटर. पुढचं वाक्य मी रात्रीच लिहून ठेवलं होतं: आधीचे आकडे माझ्या मोजणीच्या चुकीमुळे. मी पान उलटत होते.

"व्हय," सासरे म्हणाले, आणि मांडीवर थाप मारली. "सूनबाईनं करून दाखवलं."

दीर म्हणाले, "कुलपानं केलं, अण्णा. कुलूप लागलं अन् उशिरा का व्हईना, गाडी सुधरली. बघा म्हणलं होतं का नाय?"

मी तोंड उघडलं. सासरे पुढे बोलत होते. ते म्हणाले, जाऊ द्या, जुना माणूस आहे, दिवाळी आहे, झालं गेलं सोडून द्या, चाचा आपल्याकडेच राहतील, कुलूप तेवढं राहू द्या. असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका उदार झाला होता की त्यांना थांबवणं मला अवघड वाटलं. शिवाय मला वहीवर शाबासकी मिळत होती. घरात आल्यापासून पहिलीच. हे दोन्ही मी जसं आहे तसं लिहिते आहे.

चाचा माझ्याकडे बघत होते. घाई नव्हती त्यांना. बटण दाबून इंजिन लागण्याची वाट बघणारा माणूस बघतो तसे. मी वहीत बघितलं. तेवढ्यात चहा आला.

नंतर फाटकाशी ते एवढंच म्हणाले, "बहू, चाबी संभाल के रखना."

चाचांची नोकरी राहिली. पुढे सहा वर्षं त्यांनी तीच गाडी चालवली, कुलूपबंद टाकीसकट. सेल्फ त्याच दिवाळीनंतर दुरुस्त झाला. माझ्या यादीत तो पहिल्या दिवसापासून नव्हता, हे आता फार हुशारीचं वाटतं. गाडी विकली तेव्हा कुलूप तिच्याबरोबर गेलं. सासरे गेले तेही तेच मानून. चाचा आता फर्दापूरला मुलीकडे राहतात. तो पाटा गाडी विकण्याआधी त्यांनी एकदाचा तिकडे पोचवला, बाई हयात होती, तिनं वरवंट्याचं विचारलं म्हणे.

दीर अजून लग्नाकार्यात, पंगतीत वाढताना, नव्या पाहुण्यांना सांगतात: आमच्या वहिनीनं टाकीला कुलूप लावलं अन् ड्रायव्हरची चोरी धरली. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी जिलबी वाढते.

चावी जुडग्यात आहे. दरवर्षी एक जानेवारीला मी नव्या डायरीत जुन्यातली राहिलेली कामं उतरवते. गेल्या वर्षीच्या बावीसपैकी एकवीस झाली. गॅसची नळी बदलली, रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त केलं, पाण्याच्या टाकीला झाकण केलं. या वर्षीच्या पानावर ती एकच ओळ पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली आहे, तिच्यापुढचा चौकोन रिकामा:

१. भाऊजींना घेऊन फर्दापूरला जाणे. चाचांसमोर सांगणे.